आधी छेद वाचा : ऑनलाइन पोकरच्या आकडेवारीवर किती विसंबावे?

ट्रॅकर नावाचा प्रोग्राम वापरून ऑनलाइन पोकर खेळणाऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या नावाशेजारी आकड्यांची एक छोटी चौकट असते. समजा, तिच्यात ३२, ९ आणि १२ असे तीन आकडे आहेत. सरावलेला खेळाडू लगेच निष्कर्ष काढतो : हा लूज आहे, म्हणजे बरेच डाव खेळतो, स्वतःहून रेज कमी करतो, पण दुसऱ्याच्या रेजवर उलट रेज मात्र सढळ हाताने करतो. पहिली दोन विधाने बहुधा बरोबर असतील. तिसरे विधान मात्र १७ संधींपैकी २ वेळा घडलेल्या गोष्टीवर उभे असू शकते. १७ पैकी २ म्हणजे १२ टक्के, हे गणित बरोबर आहे. पण एवढ्या संधींवरून त्या खेळाडूचे खरे प्रमाण दीड टक्क्यापासून छत्तीस टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे तो अतिशय भित्रा असेल किंवा कमालीचा आक्रमक असेल. चौकटीतला १२ चा आकडा यातले काहीच सांगत नाही.

ट्रॅकरची आकडेवारी खोटी नसते. तिच्यावर किती भार टाकायचा, हे कळले नाही तर ती महागात पडते. हा भार कसा जोखायचा, तेवढ्यापुरते हे मार्गदर्शन आहे.

आधी कायद्याविषयी

भारतात राहणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट स्पष्ट लक्षात घ्यावी. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या नव्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यानुसार पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, पुरवण्यास मनाई आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गोव्यातल्या कॅसिनोत पोकर समोरासमोर खेळले जाते, तिथे ट्रॅकरचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे पुढचा मजकूर न्यू जर्सी किंवा ब्रिटनसारख्या, ऑनलाइन पोकरला परवाना असलेल्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी, फुकटच्या चिप्सवर खेळणाऱ्यांसाठी आणि संख्याशास्त्राचे एक जिवंत उदाहरण म्हणून हा विषय पाहणाऱ्यांसाठी आहे.

आकडे येतात कुठून?

पोकरट्रॅकर आणि होल्डेम मॅनेजर हे या क्षेत्रातले दोन जुने प्रोग्राम. तुम्ही ज्या टेबलावर बसता तिथल्या प्रत्येक डावाची नोंद, म्हणजे हँड हिस्टरी, संगणकावर साठते. प्रोग्राम ती वाचून प्रत्येक खेळाडूचे टक्के काढतो आणि टेबलावरच दाखवतो. या तरंगत्या चौकटीला खेळाडू हड म्हणतात.

नेहमीचे आकडे चार-पाचच. व्हीपीआयपी म्हणजे खेळाडूने किती टक्के डावांत स्वेच्छेने पैसे घातले. बिग ब्लाइंड ही सक्तीची रक्कम असल्याने ती यात धरत नाहीत. पीएफआर म्हणजे फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांच्या, आधी किती टक्के डावांत रेज केला. थ्री-बेट म्हणजे समोरून रेज आल्यावर किती वेळा उलट रेज केला. डब्ल्यूटीएसडी म्हणजे फ्लॉप पाहिलेल्या डावांपैकी किती डाव पाने उघडण्यापर्यंत नेले. एएफ म्हणजे फ्लॉपनंतरच्या बेट आणि रेजच्या संख्येला कॉलच्या संख्येने भागून येणारे गुणोत्तर.

एएफ मुळातच चंचल असतो. सहा बेट-रेज आणि दोन कॉल असतील तर एएफ ३ येतो. पुढच्या डावात एक कॉल केला की तोच २ होतो. कॉल शून्य असेल तर भागाकारच करता येत नाही. शिवाय फोल्ड त्यात मोजलेच जात नाहीत. म्हणून थोड्या डावांवरचा एएफ वाचूच नये.

ही आकडेवारी तुम्ही पाहिलेल्या डावांपुरतीच असते, हेही विसरू नये. शनिवारी रात्री खेळणाऱ्याला शनिवार रात्रीचेच प्रतिस्पर्धी दिसतात. आणि हातातली पाने दिसतात ती उघडलेल्या डावांचीच. फोल्ड केलेल्या डावांत समोरच्याकडे काय होते, याची नोंद तुमच्या ट्रॅकरकडे कधीच नसते. त्यामुळे ‘हा नेहमी चांगल्या पानांवरच रेज करतो’ हा निष्कर्ष पुष्कळदा फक्त उघडलेल्या पानांवरून काढलेला असतो.

शितावरून भाताची परीक्षा

भाताचे एक शीत दाबून आख्खे पातेले शिजले की नाही ते कळते, कारण पातेल्यातला भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. पोकरमधला प्रत्येक डाव वेगळ्या पानांचा, वेगळ्या जागेवरचा, वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांसमोरचा असतो. म्हणून इथे शिते बरीच जास्त लागतात. किती, ते मोजता येते.

एखाद्याचा व्हीपीआयपी २५ टक्के दिसतो आहे. ३० डावांवर तो आकडा असेल तर खरे प्रमाण साधारण १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान आहे, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. १०० डावांनंतर ही पट्टी सुमारे १६ ते ३४ वर येते, ५०० डावांनंतर २१ ते २९ वर, आणि १,००० डावांनंतर २२ ते २८ वर. चूक निम्मी करायची तर डाव चौपट लागतात, हा या गणिताचा कणा आहे.

तरीही व्हीपीआयपी आणि पीएफआर हे ट्रॅकरमधले सर्वांत भरवशाचे आकडे आहेत, कारण त्यांची संधी जवळपास प्रत्येक डावात येते. बाकीच्या आकड्यांचे तसे नसते. समजा, एका खेळाडूचे १,००० डाव तुमच्याकडे आहेत. त्यात त्याने स्वेच्छेने खेळलेले डाव २५०. त्यापैकी काही फ्लॉपच्या आधीच संपले. उरलेल्यांपैकी थ्री-बेट झालेले मोजके. त्यातही समोरच्याने फ्लॉपवर बेट केला आणि याला फोल्ड करायचे की नाही ते ठरवावे लागले, असे डाव कदाचित दहाच. पडद्यावर मात्र ‘थ्री-बेट पॉटमध्ये फोल्ड ६० टक्के’ हा आकडा व्हीपीआयपीच्या शेजारी तितक्याच ठळकपणे उभा असतो. १० पैकी ६ वर आधारलेल्या त्या साठाची खरी पट्टी २६ ते ८८ टक्के आहे. एकाच खेळाडूचे दोन आकडे शेजारी दिसले म्हणून दोन्हींचे वजन सारखे नसते. ट्रॅकर दाखवतो तो टक्का हा एक अपूर्णांक आहे, आणि त्याचे वजन ठरते छेदावरून.

आणखी एक खोड अशी की हडवर वीस-पंचवीस आकडे लावले आणि टेबलावर पाच प्रतिस्पर्धी असले, तर एका वेळी शंभरावर आकडे डोळ्यांसमोर असतात. त्यातले चार-पाच केवळ योगायोगाने भलतेच वर किंवा खाली दिसणारच. डोळा नेमका त्याच आकड्यांवर जातो.

नफ्याचा आकडा सर्वांत कच्चा

खेळण्याच्या सवयी लवकर उघड होतात. नफा उघड व्हायला फार वेळ लागतो. कॅश गेममधला नफा दर १०० डावांमागे किती बिग ब्लाइंड, असा मोजतात. सहाजणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये १०० डावांच्या निकालाचे प्रमाण विचलन साधारण ९० बिग ब्लाइंड धरले, तर १०,००० डावांनंतरही तुमच्या नफ्याच्या दरात १८ बिग ब्लाइंड इकडे किंवा तिकडे एवढी अनिश्चितता उरते. चांगला खेळाडू ५ ने जिंकतो असे मानले, तर १०,००० डावांवरून तो जिंकणारा की हरणारा हेही ठरत नाही. १,००,००० डावांनंतर ही अनिश्चितता साडेपाचच्या आसपास येते आणि दहा लाख डावांनंतर दोनच्या खाली. तेवढे डाव होईपर्यंत प्रतिस्पर्धी, टेबलाची पातळी आणि तुम्ही स्वतः असे सगळेच बदललेले असते.

याचे जाहीर उदाहरण अमेरिकेत पिट्सबर्गला घडले. २०१५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या क्लॉडिको या प्रोग्रामविरुद्ध चार व्यावसायिक खेळाडू ८०,००० डाव खेळले. नशिबाचा भाग कमी व्हावा म्हणून तीच पाने उलटसुलट करून दोन ठिकाणी वाटली होती. शेवटी माणसे ७,३२,७१३ चिप्सनी पुढे होती, म्हणजे दर १०० डावांमागे ९ बिग ब्लाइंडहून थोडी जास्त. कॅश गेममध्ये असा दर कुणीही डोक्यावर घेऊन नाचेल. तरीही संशोधकांनी संख्याशास्त्रीय दृष्टीने सामना बरोबरीत सुटल्याचे जाहीर केले आणि त्यावर बराच वाद झाला. जानेवारी २०१७ मध्ये त्याच विद्यापीठाचा लिब्राटस १,२०,००० डाव खेळून दर १०० डावांमागे १४.७ बिग ब्लाइंडनी जिंकला, तेव्हा निकालाबद्दल शंका उरली नाही. २०१९ मध्ये प्लुरिबस हा प्रोग्राम पाच व्यावसायिकांसोबत १०,००० डाव खेळला. त्याच्या मोजणीत नशिबाचा भाग गाळण्यासाठी एआयव्हीएटी नावाची खास गणिती पद्धत वापरावी लागली, तेव्हा कुठे एवढ्या डावांवरून बोलता आले.

सामान्य खेळाडूच्या ट्रॅकरमध्ये याचा धाकटा भाऊ असतो : ऑल-इन ईव्ही. सगळे पैसे मध्ये गेल्यानंतर उरलेल्या पानांचे नशीब तो वजा करतो, पण त्याआधीचे नशीब तसेच राहते. तुमच्या हातात राजांची जोडी आणि समोर एक्क्यांची जोडी, असा प्रसंग आला तर फ्लॉपआधीच्या ऑल-इनला तुमच्या वाट्याला सुमारे १८ टक्के पॉट धरला जातो. एक्के समोरच्यालाच मिळाले, हे दुर्दैव हिशेबात येतच नाही. त्यामुळे ईव्हीची रेघ वर आणि नफ्याची रेघ खाली दिसली, म्हणजे आपण ‘खरे तर जिंकत आहोत’ असे समजू नये.

जुने लेख वाचताना एकक तपासा. लिमिट पोकरमध्ये नफा बिग बेटमध्ये मोजत आणि एक बिग बेट म्हणजे दोन बिग ब्लाइंड. जुन्या चर्चांमध्ये नो-लिमिटसाठीही हेच एकक वापरलेले आढळते. दोहोंची गल्लत झाली की दर दुप्पट किंवा निम्मा दिसतो.

मिसळलेली आकडेवारी

डाव पुरेसे असले तरी ते एकाच जातीचे आहेत का, ते पाहावे लागते. नऊजणांच्या टेबलावर २५ टक्के व्हीपीआयपी म्हणजे लूज खेळ. सहाजणांच्या टेबलावर तोच आकडा सर्वसाधारण मानतात. दोघेच उरले की बटणावरचा खेळाडू बहुतेक डाव खेळतो. टेबल रिकामे होत असताना चालू राहिलेले शंभर डाव त्याच खात्यात जमा झाले, तर टाइट खेळाडूही लूज दिसू लागतो.

स्पर्धांमध्ये हा घोळ आणखी वाढतो. सुरुवातीला १०० बिग ब्लाइंड हाताशी असताना संयमाने खेळणारा माणूस शेवटी १२ बिग ब्लाइंड उरल्यावर ऑल-इन करत सुटतो. दोहोंची सरासरी त्याच्या कुठल्याच टप्प्याचे वर्णन करत नाही.

काळाचाही परिणाम होतो. दोन वर्षांपूर्वीचे ५,००० डाव आणि गेल्या महिन्यातले ३०० डाव एकत्र केले, तर आकडा दोन वर्षांपूर्वीच्या माणसाचा असतो. दरम्यान तो शिकला असेल, शिकवणी घेतली असेल किंवा नुसता थकला असेल. काही साइटनी तर ही साखळीच तोडली आहे. पार्टीपोकरने २०१९ मध्ये हडचा वापर बंद केला आणि खेळाडूंना नावे बदलायला लावली. जीजीपोकर बाहेरचे हड चालू देत नाही, स्वतःचेच आकडे दाखवते. साइट बदलताना तिचे नियम आधी वाचा; बंदी असलेला प्रोग्राम चालवला तर खाते गोठू शकते. इतरांनी गोळा केलेल्या डावांच्या फायली विकत घेऊ नका. बहुतेक साइट त्याला मनाई करतात आणि त्या फायली कशा जमवल्या, कुठे तुटल्या, हे तपासण्याची सोय नसते.

जाहीर क्रमवाऱ्या कशा वाचाव्यात?

शार्कस्कोपसारख्या सेवा स्पर्धांचे निकाल जमवून खेळाडूचा परतावा दाखवतात. शिकवणी लावण्याआधी किंवा कुणाच्या स्पर्धा-प्रवेशात पैसे गुंतवण्याआधी लोक तिथे नाव टाकून पाहतात. पाहायला हरकत नाही, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, स्पर्धेतला चढउतार प्रचंड असतो. नऊजणांची साधी स्पर्धा घ्या. बक्षिसे ५०, ३० आणि २० टक्के, फी नाही, सगळे सारख्याच ताकदीचे. अशा १०० स्पर्धांनंतर कुणाचा परतावा ३० टक्के वर किंवा ३० टक्के खाली दिसला, तरी ते नशिबाच्या कक्षेतच बसते. हजारो खेळाडूंच्या स्पर्धेत बक्षिसाचा मोठा वाटा पहिल्या काही जागांना मिळतो, त्यामुळे तिथे शंभर स्पर्धांचा हिशेब जवळपास निरर्थक ठरतो.

दुसरी, यादीचा माथा फसवा असतो. नफा-तोटा शून्य असण्याच्याच लायकीचे १,००० खेळाडू घेतले, तर त्यातले सुमारे २५ जण निव्वळ योगायोगाने ‘ठळक विजेते’ दिसतील. यादीत वर तेच असतील आणि शिकवणीची जाहिरातही तेच करतील.

तिसरी, नोंद अर्धवट असू शकते. खेळाडूला स्वतःची आकडेवारी लपवता येते, वेगवेगळ्या साइटवर त्याची नावे वेगळी असतात, आणि साइटकडून परत मिळणारी फी किंवा बोनस परताव्यात दिसत नाही. लपवलेले ते वाईटच असेल असे नाही, आणि दाखवलेले ते पूर्णच असेल असेही नाही.

थोड्या डावांतही आकडे कधी बोलतात?

सरासरीपासूनचे अंतर फार मोठे असेल तर छेद लहान असूनही निष्कर्ष निघतो. ३० डावांपैकी २४ डाव खेळलेल्या माणसाची पट्टी ६१ ते ९२ टक्के आहे. तो नक्की किती लूज आहे ते कळत नाही, पण लूज आहे यात शंका नाही. तेवढे तुम्हाला पुरते.

फसवणुकीची मोठी प्रकरणे अशाच अवास्तव आकड्यांमुळे फुटली. अल्टिमेटबेट या साइटवर काही खात्यांना प्रतिस्पर्ध्यांची पाने दिसत होती. २००८ मध्ये खेळाडूंनीच त्या खात्यांच्या नफ्याचा दर इतरांशी ताडून पाहिला, तेव्हा तो कुठल्याही खऱ्या खेळाडूच्या आवाक्याबाहेरचा निघाला. साइटला परवाना देणाऱ्या कानावाके गेमिंग कमिशनने चौकशीअंती साइटला १५ लाख डॉलरचा दंड केला. डिसेंबर २०२३ मध्ये जीजीपोकरवरही एका खात्याचा असाच अशक्य दर खेळाडूंच्या डोळ्यांत भरला. कंपनीने आपल्या प्रोग्राममधली त्रुटी मान्य करून त्या खात्याची कमाई जप्त केली.

हिशेब सोपा आहे. समजा, ३,००० डावांत कुणी दर १०० मागे ९० बिग ब्लाइंड जिंकले. प्रमाण विचलन १०० धरले तरी हा दर अपेक्षित चुकीच्या जवळपास पाचपट आहे. तेवढे नशीब सहसा कुणाचे नसते. दर ८ असता तर त्याच ३,००० डावांवरून काहीच म्हणता आले नसते. तरी आरोप करायची घाई नको : डाव-क्रमांकांसह तक्रार साइटकडे आणि परवाना देणाऱ्या संस्थेकडे द्या, नाव जाहीर करू नका.

टेबलावर बसण्याआधी

१. हडवर प्रत्येक टक्क्याशेजारी संधींची संख्या दाखवण्याची सोय चालू करा. ती नसेल तर आकड्यावर क्लिक करून छेद पाहा, मगच निर्णय घ्या.

२. आकडे कमी ठेवा. सुरुवातीला व्हीपीआयपी, पीएफआर, थ्री-बेट आणि एकूण डाव एवढे पुरतात. बाकीचे शेकडो डाव झाल्यावर उघडा.

३. एखादी गोष्ट एकदाही घडली नसेल तर ३ ला संधींच्या संख्येने भागा. ३० संधींत एकदाही थ्री-बेट नाही, म्हणजे खरे प्रमाण १० टक्क्यांपर्यंतही असू शकते. ‘हा कधीच करत नाही’ असे म्हणायला शेकडो संधी लागतात.

४. टोकाचा आकडा सरासरीकडे ओढा. तुमच्या टेबलांवर थ्री-बेटची सरासरी ७ टक्के आहे आणि समोरच्याने १० पैकी ३ वेळा तो केला. त्यात सरासरी दराच्या ४० काल्पनिक संधी मिसळा : ५० पैकी ५.८, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. तीस टक्के समजून खेळण्यापेक्षा हा अंदाज जास्त सुरक्षित असतो.

५. टेबलावरची माणसे, बसण्याची जागा आणि हाताशी असलेले बिग ब्लाइंड यांचे गाळणे लावल्याशिवाय तुलना करू नका. गाळणे लावले की छेद घटतो, हेही पाहा.

६. जुन्या डावांना मुदत द्या. नेहमीच्या प्रतिस्पर्ध्यासाठी गेल्या काही महिन्यांचे आकडे वेगळे काढा आणि जुन्यांशी ताडा.

७. स्वतःच्या खेळातली चूक शोधताना आधी शंका लिहा, मग तिची पडताळणी पुढच्या, नव्या डावांवर करा. ज्या डावांत चूक दिसली त्यांच्यावरच ती सिद्ध करू नका.

८. नफ्याच्या दरावरून वरच्या पातळीवर जाण्याचा किंवा नोकरी सोडण्याचा निर्णय घेऊ नका. घरखर्चाला लागणारा पैसा टेबलावर कधीच आणू नका. तोटा भरून काढण्यासाठी खेळणे चालू असेल, तर ट्रॅकर बंद करून घरच्यांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

थोडक्यात निवाडा असा : व्हीपीआयपी आणि पीएफआर काही शे डावांनंतर भरवशाचे, फ्लॉपनंतरचे आकडे काही हजार डावांनंतर उपयोगाचे, आणि नफ्याचा आकडा एक लाख डावांनंतरही संशयाने वाचण्याजोगा. कोणताही टक्का पाहिलात की तो कितीपैकी किती, एवढा एकच प्रश्न आधी विचारा. उत्तर मिळाले नाही तर तो टक्का नाहीच असे समजून, समोरच्या पानांवर आणि पॉटवर लक्ष ठेवून खेळा.